एटीपी घालूनही फ्लॅजेला हलत नाहीत: दोष कुठे शोधायचा आणि सूक्ष्मनलिका सरकतात हे कसं दाखवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. क्लॅमिडोमोनास या हिरव्या शैवालाचे फ्लॅजेला (पोहण्यासाठीचे चाबकासारखे अवयव) वेगळे केले, डिटर्जंटने त्यांचं पटल काढलं आणि १ मिलिमोलर एटीपी (पेशीतलं ऊर्जा पुरवणारं इंधन) घातलं. बहुतेक ॲक्सोनीम (पटल काढल्यावर उरणारे, सूक्ष्मनलिकांचे म्हणजे प्रथिनांच्या बारीक नळ्यांचे सांगाडे) जागच्या जागी पडून आहेत, काहींची टोकं झाडूसारखी पिंजली आहेत आणि अगदी थोडे वळवळतात. वाकताना एका बाजूच्या सूक्ष्मनलिका आखडत नाहीत हे कशावरून, असं मार्गदर्शकांनी विचारलं आहे आणि त्याचं उत्तर याच तयारीतून द्यायचं आहे.

यात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. एक यंत्रणेचा: नलिका आखडतात की सरकतात? दुसरा हाताच्या कामाचा: तयारी मेली कुठे? ते सुटे केले की कामाला दिशा मिळते, कारण तुम्हाला बिघाड वाटणारी ती पिंजलेली टोकंच पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर देतात. वाण, पेशींची अवस्था, सेंट्रिफ्यूज, कॅमेरा यांवर बरंच अवलंबून असल्यामुळे पुढचे आकडे सुरुवातीचे समजा आणि आपल्याकडे थोडे पुढेमागे करून बघा.

आधी आखडण्याचा मुद्दा. फटके मारणारे सिलिया (फ्लॅजेलासारखेच, पण आखूड केसांसारखे अवयव) असोत की फ्लॅजेला, आतला सांगाडा तोच: कडेने नऊ डबलेट (ए आणि बी अशा दोन जुळलेल्या नलिकांच्या जोड्या) आणि मध्ये दोन सुट्या नलिका. हा सांगाडा वाकला की आतल्या बाजूचा रस्ता आखूड होतो आणि बाहेरच्या बाजूचा लांब. आतल्या बाजूचे डबलेट आखडत असतील, तर टोकाशी सगळे डबलेट एका रेषेत संपायला हवेत. लांबी कायम राहत असेल, तर बुडाशी सगळे घट्ट बांधलेले असल्यामुळे आतल्या बाजूचे डबलेट टोकाशी पुढे आलेले दिसायला हवेत, आणि सिलियम उलट्या बाजूला वाकलं की पुढे येणारे डबलेटही बदलायला हवेत. पीटर सॅटिर यांनी गोड्या पाण्यातल्या शिंपल्याच्या कल्ल्यांवरचे सिलिया झटकन स्थिर करून, पुढे जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या फटक्यांतल्या सिलियांच्या टोकांचे काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. १९६५ आणि १९६८ च्या त्यांच्या निबंधांत दुसरं चित्र खरं ठरलं. पुरावा इतका साधा आणि इतका निर्णायक, की हा विषय शिकवताना मी नेहमी तिथूनच सुरुवात करतो.

हे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली का दिसत नाही, त्याचं गणित करून बघा. दोन नलिकांमधलं सरकणं म्हणजे त्यांच्यातलं अंतर गुणिले वाकण्याचा कोन (रेडियनमध्ये). समोरासमोरच्या डबलेटमधलं अंतर साधारण ०.१६ मायक्रॉन धरा. सिलियम ९० अंशांत, म्हणजे १.५७ रेडियन वाकलं, तर टोकाशी फरक पडतो जेमतेम ०.२५ मायक्रॉनचा. शेजारच्या दोन डबलेटमधलं अंतर ५५ नॅनोमीटरच्या आसपास, त्यामुळे त्यांच्यातला फरक आणखी लहान. बारा मायक्रॉन लांबीच्या फ्लॅजेलमवर हा फरक दोन टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणून नुसत्या वळवळणाऱ्या ॲक्सोनीमकडे कितीही वेळ बघितलं, तरी आखडणं की सरकणं याचा निकाल लागणार नाही. त्यासाठी एक तर टोकांचे काप हवेत, नाही तर सरकणं मोकळं सुटून मायक्रॉनांत मोजता येईल अशी युक्ती हवी.

अशी युक्ती १९७१ मध्ये समर्स आणि गिबन्स यांनी समुद्री अर्चिनच्या शुक्राणूंच्या ॲक्सोनीमवर केली. त्यांनी ट्रिप्सिन (प्रथिनं कापणारं विकर, म्हणजे प्रोटिएझ) अगदी थोडा वेळ लावलं आणि मग एटीपी दिलं. ॲक्सोनीम वाकले नाहीत. दुर्बीण उघडावी तसे लांब होत गेले आणि मूळ लांबीच्या कितीतरी पट झाले. नलिका आखडून किंवा वाढून हे होणं शक्य नाही. एकमेकींवरून घसरल्या, तरच हे घडतं.

म्हणजे डायनिन (एटीपीच्या जोरावर नलिकेवरून चालणारं मोटर-प्रथिन) फक्त सरकवतं. प्रत्येक डबलेटच्या ए-नलिकेवर डायनिनच्या भुजांच्या दोन रांगा असतात आणि त्या शेजारच्या डबलेटच्या बी-नलिकेवर पाय रोवतात. डायनिनची चाल नलिकेच्या ऋण टोकाकडे, म्हणजे बुडाकडे असते, त्यामुळे शेजारचा डबलेट टोकाकडे ढकलला जातो. या सरकण्याचं वाकण्यात रूपांतर करतात ती बंधनं: बुडाशी बेसल बॉडीची पक्की गाठ, आणि डबलेटांना डबलेट जोडणारे नेक्सिन दुवे. शिवाय नऊही डबलेटांवरचं डायनिन एकाच वेळी सारखं ओढू लागलं, तर बाजू ठरणारच नाही आणि फटका बसणारच नाही. एका अर्ध्या भागातलं डायनिन चालू असताना दुसऱ्या अर्ध्यातलं गप्प राहिलं पाहिजे आणि पाळी बदलत राहिली पाहिजे. ही पाळी राखण्यात त्रिज्येसारखे आत आलेले स्पोक आणि मधल्या दोन नलिका यांचा मोठा वाटा आहे.

आता तुमच्या काचेवर जे दिसतं ते याच चौकटीत वाचा. ॲक्सोनीम लयीत हलतोय, म्हणजे डायनिन, बंधनं आणि नियमन तिन्ही जागेवर आहेत. एटीपी देताच पिंजतोय, म्हणजे डायनिन जिवंत आहे पण बंधनं तुटली आहेत. तयारीत कुठेतरी प्रोटिएझ मोकळं सुटलं, किंवा पिपेटने फार जोर लावला. निपचित पडलेले मात्र फसवे असतात, कारण त्यांच्यामागे निरनिराळी कारणं असू शकतात: पटल निघालंच नसेल, एटीपी पोचलं नसेल, डायनिन गळून गेलं असेल, काचेला चिकटले असतील, किंवा डायनिन ठणठणीत असून पाळी बदलण्याची सोय बिघडली असेल. ही कारणं वेगळी करायची सोपी चाचणी खाली देतो. आधी तयारी.

सुरुवात पेशींपासून. आगरवर वाढलेल्या पेशींना बहुधा फ्लॅजेला नसतात. त्या द्रवात सोडून उजेडात काही तास ठेवा आणि जोमाने पोहताना दिसल्याखेरीज पुढे जाऊ नका. जुन्या, दाट झालेल्या वाढीतले फ्लॅजेला आखूड असतात, म्हणून वाढ जोरात असतानाच पेशी घ्या. सीसी-१२५ सारखा पेशीभित्ती असलेला वाण घ्या. भित्ती नसलेले वाण डिब्युकेनमध्ये (पेशींना फ्लॅजेला टाकायला लावणाऱ्या द्रव्यात) फुटतात आणि पेशींमधली सगळी प्रोटिएझ तुमच्या फ्लॅजेलांवर ओततात. पिंजलेल्या टोकांचं कारण अनेकदा इथेच सापडतं.

पेशी ११०० जी वर (गुरुत्वाच्या ११०० पट बलावर) ५ मिनिटं फिरवून खाली बसवा, १० मिलिमोलर हेपीसने धुवा आणि बर्फावर थंड केलेल्या बफरमध्ये मिसळा: १० मिलिमोलर हेपीस (पीएच ७.४), ५ मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट, १ मिलिमोलर डीटीटी (क्षपण करणारं द्रव्य), ४ टक्के सुक्रोज. डिब्युकेनचा २५ मिलिमोलरचा साठा त्यात इतका घाला की शेवटची तीव्रता ४ ते ५ मिलिमोलर होईल. रुंद तोंडाच्या पिपेटने हलकेच वर-खाली करत राहा आणि दर वीस सेकंदांनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा. साधारण मिनिटभरात बहुतेक पेशी फ्लॅजेला टाकतात. दोन मिनिटांच्या पुढे गेलात तर पेशी मरू लागतात, म्हणून घड्याळापेक्षा थेंबावर विश्वास ठेवा. फ्लॅजेला सुटले की लगेच त्याच थंड बफरने दुप्पट-तिप्पट पातळ करा, ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं) १ मिलिमोलरपर्यंत न्या आणि पीएमएसएफ (प्रोटिएझ रोखणारं) १ मिलिमोलर घाला. पीएमएसएफ पाण्यात फार वेळ टिकत नाही. सकाळी बफरमध्ये घालून ठेवलेलं दुपारी उपयोगाचं नसतं. अल्कोहोलमधला साठा ठेवा आणि ऐनवेळी घाला.

मग नळीच्या तळाशी २५ टक्के सुक्रोजची गादी सोडून सुमारे १८०० जी वर १० मिनिटं, ४ अंश सेल्सियसला फिरवा. पेशी गादीतून खाली जातात आणि फ्लॅजेला वर राहतात. वरचा भाग काढताना गादीजवळचा हिरवा थर सोडून द्या. थोड्या जास्त फ्लॅजेलांसाठी तिथपर्यंत जाण्याचा मोह आवरा. गरज वाटली तर ही पायरी पुन्हा करा. शेवटी १०,००० जी वर २० मिनिटं. खाली बसलेला गोळा पांढरा दिसला पाहिजे. हिरवट असेल तर पेशींचे तुकडे सोबत आले आहेत आणि त्यांच्याबरोबर प्रोटिएझही.

हा गोळा व्हॉर्टेक्सवर कधीच धरू नका. आता बफर बदलतो: ३० मिलिमोलर हेपीस (पीएच ७.४), ५ मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट, १ मिलिमोलर डीटीटी, १ मिलिमोलर ईजीटीए, ५० मिलिमोलर पोटॅशियम ॲसिटेट. इथे ॲसिटेटऐवजी क्लोराइड वापरणं ही हमखास दिसणारी चूक आहे. क्लोराइड हालचालीला मारक ठरतं, आणि ०.६ मोलर क्षाराने तर बाहेरच्या भुजा चक्क धुऊन निघतात. डायनिन वेगळं करायची जुनी पद्धत तीच आहे. पटल काढायला इगेपाल सीए-६३० (जुन्या नॉनिडेट पी-४० च्या जागी आता हेच मिळतं) ०.१ ते ०.५ टक्के पुरतं. मी हालचाल बघायची असेल तेव्हा खालच्या टोकाकडे राहतो आणि एक शंका-निरसन ठेवतो: थोडा नमुना घेऊन त्यात डिटर्जंट दुप्पट करायचं. त्याने हालणाऱ्यांची संख्या वाढली, तर पटल पूर्ण निघालेलं नव्हतं. ॲक्सोनीम बर्फावर ठेवा आणि काही तासांत वापरा. गोठवलेल्या तयारीवरून हालचालीचे निष्कर्ष काढू नका.

एटीपीबद्दल जरा थांबून लिहितो, कारण निपचित ॲक्सोनीमांपैकी पुष्कळांचं मूळ तिथे असतं. डायनिनला हवं असतं मॅग्नेशियम-एटीपी, म्हणून मॅग्नेशियम एटीपीपेक्षा नेहमी बरंच जास्त हवं. ईडीटीए चुकूनही नको, ते मॅग्नेशियमच पकडून ठेवतं. एटीपीच्या डायसोडियम क्षाराचा १०० मिलिमोलर साठा आम्लधर्मी असतो. त्याचा पीएच ७ वर आणला नाही, तर पातळ बफर कोलमडतो, आणि पीएच घसरला की ईजीटीएची कॅल्शियमवरची पकडही सैल होते. तिसरी गोष्ट, स्नायूंपासून काढलेल्या एटीपीत व्हॅनेडियमचा अंश असू शकतो. सोडियम-पोटॅशियम पंप बंद पाडणारा गूढ घटक म्हणून १९७७ मध्ये असाच व्हॅनेडेट (व्हॅनेडियमचं एक संयुग) सापडला होता, आणि व्हॅनेडेट डायनिनलाही रोखतं. व्हॅनेडियममुक्त एटीपी मागवा. एटीपी मुळीच नसेल तर डायनिनच्या भुजा शेजारच्या नलिकेला घट्ट धरून बसतात आणि ॲक्सोनीम ताठ होतो, म्हणून धुतल्यावर ते कडक दिसले तर घाबरू नका.

हालचाल सुरू करताना वरच्याच बफरमध्ये १ टक्का पॉलिइथिलिन ग्लायकॉल (२०,००० वजनाचं) आणि १ मिलिमोलर एटीपी घाला आणि खोलीच्या तापमानाला, २० ते २३ अंशांना, बघा. काचेला चिकटणं टाळायला काच आधी बीएसएच्या (गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाच्या) द्रावणाने (१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर) धुऊन घ्या. मुक्त कॅल्शियम १ मायक्रोमोलरच्या खाली असेल, तर फटका एकीकडे झुकलेला असतो आणि सुटा ॲक्सोनीम गोल-गोल फिरतो. ते चांगल्या तयारीचं लक्षण आहे. कॅल्शियम १०० मायक्रोमोलरच्या आसपास नेलं की लाट दोन्ही बाजूंना सारखी होते आणि तो सरळ जाऊ लागतो. हे दोन्ही दिसले, तर नियमन शाबूत आहे असं ठामपणे म्हणता येतं.

कॅमेऱ्याकडे दुर्लक्ष करू नका. जिवंत क्लॅमिडोमोनास सेकंदाला ५० ते ६० फटके मारतो, पुनरुज्जीवित ॲक्सोनीम त्याहून जरा कमी. सेकंदाला ३० फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यात ५० हर्ट्झची हालचाल १० हर्ट्झची भासते, तीही उलट्या दिशेने, आणि ६० हर्ट्झची तर गोठलेली दिसते. म्हणजे तुमच्या 'निपचित' ॲक्सोनीमांपैकी काही कदाचित उत्तम हलतही असतील. आधी डोळ्यांनी बघा: हलणारा ॲक्सोनीम अंधुक पंख्यासारखा पसरट दिसतो, थांबलेला स्वच्छ रेषेसारखा. मोजमापासाठी सेकंदाला किमान २०० फ्रेम हव्यात, ५०० असल्यास उत्तम. डार्क-फील्ड प्रकाशरचना वापरा आणि दिवा एकदिश प्रवाहावर (डीसी) चालणारा घ्या. मुख्य विजेवर चालणारे काही दिवे तिच्या दुप्पट वारंवारतेने लुकलुकतात आणि ती लुकलुक तुमच्या आकड्यांत मिसळते.

आता ती चाचणी, जी दोन्ही प्रश्नांना एकाच वेळी हात घालते. दोन पट्ट्यांवर कव्हरस्लिप ठेवून केलेल्या अरुंद कक्षात, बीएसए न लावता, ॲक्सोनीम काचेला चिकटू द्या. एका बाजूने १ मिलिमोलर एटीपी आणि ३ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर सबटिलिसिन (हेही एक प्रोटिएझ) असलेलं बफर (पॉलिइथिलिन ग्लायकॉल आणि पीएमएसएफ दोन्ही वगळून) सोडा, दुसऱ्या बाजूने टिपकागदाने ओढून घ्या आणि रेकॉर्डिंग बफर सोडण्याआधीच चालू ठेवा. प्रोटिएझ नेक्सिन दुवे आणि स्पोक कापतं, डायनिन टिकतं आणि डबलेट एकमेकांवरून घसरत बाहेर येतात. जंगली (उत्परिवर्तन नसलेल्या मूळ) वाणात वेग सेकंदाला १५ ते २० मायक्रॉनच्या घरात असतो, म्हणजे दहा मायक्रॉनचा ॲक्सोनीम अर्ध्या-पाऊण सेकंदात सरकून संपतो. रेकॉर्डिंग उशिरा सुरू केलं तर हाती फक्त बारीक धागे उरतात आणि काही घडलंच नाही असं वाटतं. वेग आवाक्यात आणायचा असेल तर एटीपी ५० ते १०० मायक्रोमोलरवर आणा.

निपचित ॲक्सोनीम इथे सरकले, तर डायनिन आणि एटीपी दोन्ही निर्दोष. खोट नियमनात किंवा काचेला चिकटण्यात आहे. सरकलेच नाहीत, तर पटल, एटीपी आणि क्षार यांच्याकडे वळा. बाहेरच्या भुजा नसलेल्या उत्परिवर्तित वाणात सरकण्याचा वेग जंगली वाणाच्या साधारण चौथ्या भागावर येतो; तुमचे ॲक्सोनीम सरकतात पण फार मंद, असं दिसलं तर बाहेरच्या भुजा धुऊन गेल्या असण्याची शंका घ्या.

मार्गदर्शकांच्या प्रश्नाला उत्तरही याच चित्रफितीतून काढता येतं. सरकायच्या आधी ॲक्सोनीमची लांबी मोजा, मग बाहेर आलेल्या प्रत्येक तुकड्याची. तुकडे मूळ लांबीइतकेच आहेत आणि एकूण पसारा मात्र कितीतरी वाढला आहे, हे दाखवलं की आखडण्याला जागा उरत नाही. जोडीला तीन नियंत्रण-प्रयोग हवेत: एटीपी न देता फक्त प्रोटिएझ, प्रोटिएझ न देता फक्त एटीपी, आणि दोन्हींबरोबर १० मायक्रोमोलर व्हॅनेडेट. पहिल्यात आणि तिसऱ्यात सरकणं दिसता कामा नये. दुसऱ्यात सरकणं दिसलं, तर तुमच्या तयारीत आधीच प्रोटिएझ आहे. व्हॅनेडेटचा साठा पीएच १० ला उकळून रंगहीन करून घ्या. पिवळसर असेल तर रेणू एकमेकांना जुळून बसले आहेत. डीटीटी व्हॅनेडेटचं क्षपण करतं, म्हणून या नियंत्रणापुरतं ते वगळा.

नलिका बुडाशी झिजतात आणि टोकाशी वाढतात म्हणून फटका बसतो, अशीही एक समजूत भेटते, पण ती टिकत नाही. कोल्चिसीन (नव्या नलिका बांधू न देणारं द्रव्य) दिल्यावर तुटलेला फ्लॅजेलम पुन्हा वाढत नाही, पण असलेला फटके मारत राहतो. बांधणीचं सामान वाहणारी, कायनेसिन-२ या मोटर-प्रथिनाने टोकाकडे जाणारी वाहतूक (१९९३ मध्ये याच शैवालात प्रथम पाहिलेली) ही पटल आणि डबलेट यांच्या फटीत चालते. तुम्ही पटल काढलं तेव्हाच ती थांबली, तरी ॲक्सोनीम हलतो.

सोय असेल तर मिनेसोटा विद्यापीठातल्या क्लॅमिडोमोनास संग्रहातून दोन वाण मागवा: स्पोक नसलेला पीएफ१४ आणि मधल्या नलिका नसलेला पीएफ१८. दोन्हींचे जिवंत फ्लॅजेला लुळे असतात, तरी सबटिलिसिन दिल्यावर त्यांचे डबलेट सरकतात, फक्त मंदपणे. एटीपी बरंच कमी ठेवलं तर काही लुळ्या वाणांचे ॲक्सोनीम हलूही लागतात. स्पोक नसूनही हालचाल परत आणणारं एक उत्परिवर्तन १९८२ मध्ये हुआंग, रमानिस आणि लक यांनी दाखवलं, आणि त्याची जागा बाहेरच्या भुजेतल्या डायनिनच्या एका जड साखळीत (मोठ्या प्रथिन-घटकात) निघाली. इंजिन आणि त्याचा लगाम वेगवेगळे आहेत याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. तुमच्या निपचित ॲक्सोनीमांनाही ५० मायक्रोमोलर एटीपी देऊन बघा.

उद्या प्रयोगशाळेत गेल्यावर सगळं पुन्हा करायला घेऊ नका. आहे त्याच तयारीत आधी एटीपीच्या साठ्याचा पीएच तपासा आणि डिटर्जंट दुप्पट करून बघा, मग सबटिलिसिनची चाचणी लावा. गोळा हिरवट होता का आणि पीएमएसएफ किती वाजता घातलं, हे वहीत शोधा. त्यानंतरही पिंजणं थांबलं नाही, तर वाणाचं नाव, डिब्युकेनची वेळ आणि प्रोटिएझ न देता घेतलेली चित्रफीत कळवा. ती फ्रेम-फ्रेम बघून बंधन टोकाशी तुटतंय की बुडाशी, हे सांगता येईल.